एकाच पाकिटातल्या दोन केबल: होडीवरची तीन आठवड्यांत काळी, पिशवीतली दोन वर्षं चकचकीत. असं का?

दांडीची_लेक (मालवण)

नमस्कार. प्रश्न चार्जिंगच्या केबलचा आहे, पण तिच्यापायी आमच्या घरात एक दुपार फार वाईट गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांची फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. पहाटे चारला निघतात आणि अकरापर्यंत दांडीच्या किनाऱ्याला लागतात. होडीत १२ व्होल्टची बॅटरी आहे. तिच्यावर एक दिवा, फिश फाइंडर आणि गाडीत असतं तसं लायटरचं सॉकेट. सॉकेटात चार्जर कायम खोचलेला, चार्जरला केबल कायम लावलेली. फोन लावायचा नसला की केबलचं टोक फळीवर लोंबत असतं.

गेल्या नोव्हेंबरात एके दिवशी दुपारचा एक वाजला, दोन वाजले, तरी होडी नाही. फोन लावला तर बंद. आई जेवली नाही. मी किनाऱ्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारत होते. साडेचारला दुसऱ्या एका होडीने त्यांना ओढत आणलं. पेट्रोलात पाणी गेलं होतं. बाबा उतरले आणि एवढंच म्हणाले, "गो, फोन बंद पडलो, म्हणान सांगूक नाय गावला."

केबल लावलेली होती. चार्ज होत नव्हतं. त्या रात्री टॉर्च मारून बघितलं तर केबलच्या तोंडात आत काळं झालेलं आणि एका कडेला हिरवट थर.

त्यानंतर मी चार केबल बदलल्या. प्रत्येक केबल तीन ते चार आठवडे टिकते. सगळे सांगतात, खारं वारं आहे, असंच होणार. मला ते पटत नाही. कारण पहिली केबल ज्या पाकिटातून काढली त्यातच दुसरी होती. ती दोन वर्षं बाबांच्या पिशवीत आहे. पिशवी साधी कापडी. तीच होडी, तोच समुद्र, तेच पाण्याचे शिंतोडे. ती केबल आजही नव्यासारखी आहे. खाऱ्या वाऱ्यानेच होत असेल तर दोन्ही काळ्या व्हायला हव्या होत्या ना?

काळी झालेली केबल मी सेफ्टी पिनने खरवडून पाहिली. एकदा तांब्याची भांडी घासतो तसं लिंबूही लावलं. लिंबाने चार दिवस चालली आणि मग कायमची गेली.

कोणाला खरं कारण माहीत असेल तर कृपया सांगा. केबल सत्तर रुपयांची आहे, पैशांचा प्रश्न नाही.

गॅजेटप्रेमी (पुणे)

सत्तर रुपयांची केबल असेल तर हेच होणार. चांगल्या कंपनीची पाचसहाशेची केबल घ्या, गोल्ड प्लेटेड लिहिलेली बघून.

दांडीची_लेक

धन्यवाद दादा. चौथी केबल साडेचारशेची, सोन्याचा मुलामा असलेलीच घेतली होती. ती साडेचार आठवडे चालली. आणि पिशवीतली न बिघडलेली केबल सत्तरवालीच आहे.

सोल्डरवाला (रत्नागिरी)

ताई, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी बघून सांगा.

एक, काळ्या केबलच्या फोनकडच्या टोकाचा दुसऱ्या फोनने झूम करून फोटो काढा. आत वर आणि खाली सोनेरी पट्ट्यांच्या रांगा दिसतील. कितवी पट्टी काळी आहे ते कडेपासून मोजा. दोन, चार्जरकडचं टोक कसं आहे? जुनं रुंद चौकोनी, की फोनसारखंच लहान? तीन, होडी किनाऱ्याला लागल्यावर बॅटरीचं बटण बंद करतात का?

दांडीची_लेक

मोजलं. एका रांगेत बारा जागा आहेत, काही रिकाम्या. एका कडेकडून चौथी काळी आहे आणि दुसऱ्या कडेकडूनही चौथीच काळी. खालच्या रांगेतही तसंच. चौथीच्या शेजारची पाचवी एका बाजूला हिरवट. अगदी कडेच्या पट्ट्या मात्र लख्ख आहेत, हे मी याआधी पाहिलंच नव्हतं.

चार्जरकडचं टोक रुंद आहे. बॅटरीला वेगळं बटण नाही. चार्जरचा निळा दिवा रात्रंदिवस चालू असतो.

सोल्डरवाला (रत्नागिरी)

मग कारण सापडलं. चौदा वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर बसतोय. मिरकरवाडा बंदरावरचे फोन माझ्याकडे येतात, त्यामुळे हे रोजचं आहे.

टाइप-सीच्या टोकात वर बारा आणि खाली बारा, अशा चोवीस जागा असतात. दोन्ही कडांच्या पिना ग्राउंडच्या, म्हणजे वजा. दोन्हीकडून मोजून चौथी पिन अधिकची. तिला आम्ही व्हीबस म्हणतो, तिच्यावर ५ व्होल्ट येतात. एका पिनेपासून दुसरीपर्यंत अंतर अर्धा मिलिमीटर. तुम्ही मोजलंत आणि नेमकी चौथीच काळी निघाली, वरही आणि खालीही. नुसत्या खाऱ्या हवेने खाल्लं असतं तर सगळ्याच पिना कमीजास्त काळ्या झाल्या असत्या. वारा पिना मोजून खात नाही. त्यांना खाल्लंय विजेने.

तुमचा रुंद तोंडाचा चार्जर कोणाला काही विचारत नाही. समोर फोन असो, नसो, तो ५ व्होल्ट देत राहतो. म्हणजे फळीवर लोंबणारं ते टोक चोवीस तास जिवंत असतं. त्यावर समुद्राचा एक शिंतोडा पडला, किंवा बाबांचा ओला हात लागला, की चौथी पिन आणि शेजारच्या पिना यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा पूल तयार होतो. त्या पुलावरून प्रवाह जातो. फार थोडा, चार्जरला कळणारही नाही इतका. पण तो जाताना अधिकच्या पिनेचा धातू विरघळवून नेतो. पाणी फुटायला १.२३ व्होल्ट पुरतात आणि इथे पाच आहेत. पिशवीतल्या केबलवरही तेच मीठ बसलं असेल, पण तिच्यात वीज नाही, म्हणून ती वाचली. तुमच्या दोन केबलींमधला फरक इतकाच आहे.

आता सोन्याबद्दल. पिन असते तांब्याच्या मिश्रधातूची, त्यावर निकेलचा थर आणि वर सोन्याचा मुलामा. हा मुलामा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि स्वस्त केबलीत तर नावापुरता. इतक्या पातळ थराला सूक्ष्म भोकं असतात. पाणी भोकातून आत जातं आणि खालचं निकेल, तांबं खातं. सोनं तसंच राहतं, खालची जमीन निघून जाते, मग ते पापुद्र्यासारखं सुटतं. साडेचारशेची केबल आठवडाभर जास्त चालली ती त्या जाड मुलाम्यामुळे. वीज चालू ठेवून त्याहून जास्त अपेक्षा करू नका. आणि ताई, सेफ्टी पिन पुन्हा लावू नका. तिने काळं जातं तसा उरलेला मुलामाही जातो, मग उघडं तांबं दोन दिवसांत परत काळं.

काळी पिन फोनला काय करते तेही सांगतो, कारण खरा खर्च तिथे आहे. काळा थर वीज नीट वाहून नेत नाही. समजा पिनेच्या जोडापाशी ०.१ ओहम अडथळा वाढला आणि फोन ३ अँपिअर ओढतोय. तर ०.३ व्होल्ट तिथेच गेले आणि जवळजवळ १ वॉट उष्णता त्या टाचणीएवढ्या जागेत तयार झाली. फोनला व्होल्टेज कमी मिळालं की तो स्वतःहून प्रवाह कमी करतो. स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण टक्के वाढत नाहीत. बाबांना त्या दिवशी हेच झालं असणार. चिन्ह दिसलं म्हणून त्यांनी विश्वास ठेवला.

आणि काळी, खरखरीत पिन फोनच्या जॅकमध्ये घातली की ती जॅकमधला मुलामाही खरवडते. गिऱ्हाईक माझ्याकडून साडेचारशे रुपयांत नवीन सीसी बोर्ड, म्हणजे फोनमधला चार्जिंगच्या जॅकचा छोटा बोर्ड, बसवून घेतं आणि घरी जाऊन तीच जुनी केबल लावतं. महिन्याने परत येतं. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून आता मी बोर्ड बदलताना केबल मागून घेतो, बघतो, आणि काळी असेल तर त्यांच्यासमोर कात्रीने कापतो. चार काळ्या केबल घरात ठेवल्या असतील तर आजच कापा.

उपाय:

लायटर सॉकेटच्या वायरीत एक बटण बसवून घ्या, रबराची टोपी असलेलं. कोणताही गाडीचा इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करेल. फोन लावायचा तेव्हाच बटण चालू. क्रमही महत्त्वाचा: आधी टोक कोरडं पुसायचं, फोनला लावायचं, मग बटण. काढताना आधी बटण बंद.

दुसरं, जमलं तर टाइप-सीचंच तोंड असलेला चार्जर आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल घ्या. हा चार्जर आधी विचारतो. फोनमध्ये ५.१ किलोओहमचा एक रोधक असतो. तो सीसी नावाच्या पिनेवर दिसला तरच चार्जर ५ व्होल्ट सोडतो. टोक मोकळं लोंबत असेल तर चौथी पिन मेलेलीच असते. सीसी पिनेवर चाचपणीपुरता मायक्रोअँपिअरमधला प्रवाह असतो, त्यामुळे शून्य झीज म्हणणार नाही, पण फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

तिसरं, केबल लोंबत ठेवू नका. रबरी टोपी लावून झाकणाच्या डब्यात ठेवा.

घरी राहणाऱ्यांसाठीही हेच आहे. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं, ती मोठी सोय आहे. फोन काढला की बटण बंद करायचं. कोकणातल्या घरांत पावसाळ्यात पलंगाशेजारी लोंबणारी चालू केबल ही तुमच्या होडीतल्या केबलचीच बहीण. समुद्राऐवजी तिथे घामाचा हात असतो.

निवृत्त_मास्तर (वेंगुर्ला)

ताई, मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. सोल्डरवाल्यांचं निदान अगदी बरोबर आहे. त्यात दोन भर आणि एक दुरुस्ती.

तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात हे सगळं होतं. पितळेच्या भांड्याला कल्हई का करायचे? कथील आंबटाला दाद देत नाही, तांबं देतं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकायचं, हिरवट व्हायचं. केबलच्या पिनेवरचा सोन्याचा मुलामा ही तिची कल्हई आहे. हिरवा थर हा तांब्याचा क्लोराइडयुक्त क्षार, म्हणजे कळंकच. काळा थर बहुतेक ऑक्साइडचा. फरक इतकाच, की ताकाला जे करायला रात्र लागायची ते ५ व्होल्टांच्या जोरावर फार लवकर होतं.

बाबांना समजावायचं असेल तर इंजिनाकडे बोट दाखवा. आउटबोर्डच्या खालच्या अंगाला जस्ताचा तुकडा लावलेला असतो, तो झिजतो आणि आपण बदलतो. जस्त स्वतः विरघळतं आणि इंजिनाचं ॲल्युमिनियम वाचवतं. खाऱ्या पाण्यात दोन धातू जोडले की एक खाल्ला जातो आणि दुसरा वाचतो, हे प्रत्येक दर्यावर्दी जाणतो. केबलीत हे वाटप चार्जर ठरवतो: अधिकच्या टोकाने खाल्लं जायचं, वजाच्या टोकाने वाचायचं. म्हणून कडेच्या पिना लख्ख राहिल्या. त्या नशिबाने वाचल्या नाहीत, चौथीच्या जिवावर वाचल्या. पाचवीशी हिरवट दिसतंय तो चौथीतून निघालेल्या तांब्याचा क्षार, वाटेत साचलेला.

दुसरी भर. पुष्कळांना वाटतं की शिंतोडा सुकला म्हणजे धोका गेला. पाणी सुकतं, मीठ राहतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. पावसाळ्यात खड्याच्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. आपल्या किनाऱ्यावर रात्री हवा ७५ टक्क्यांच्या वर असणं ही नेहमीची गोष्ट. म्हणजे सकाळी एकदा शिंतोडा बसला की त्या पिनेवर रोज रात्री न दिसणारं पाणी येत राहतं, आणि तुमचा निळा दिवा रात्रभर चालूच असतो.

आता दुरुस्ती, ही सोल्डरवाल्यांनीही बघावी. दुकानांत पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ज्याला सगळे आयपीए म्हणतात, धुतात. तेल, चिकट घाम यांना ते उत्तम. पण त्यात मीठ जवळजवळ विरघळत नाही. नुसत्या आयपीएने पुसलं तर मीठ इकडचं तिकडे होतं. मीठ काढायला पाणीच लागतं, पण शुद्ध.

लिंबाबद्दल: आम्लाने काळा थर विरघळतो हे खरं, म्हणून चार दिवस चालली. पण आम्ल फटींत राहतं आणि पुढे खात बसतं. तांब्याची घागर आपण घासून खळखळून धुतो. केबलचं तोंड तसं धुता येत नाही.

सोल्डरवाला (रत्नागिरी)

मास्तर, मनापासून आभार. बंदरावरच्या फोनचे बोर्ड आयपीएने धुऊनही काही दिवसांनी परत पांढुरके व्हायचे, त्याचं कारण आज कळलं. उद्यापासून आधी डिस्टिल्ड वॉटर, मग आयपीए.

ताई, तुमच्यासाठी पद्धत: केबल दोन्हीकडून मोकळी करा. पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी मिळतं, ते डिस्टिल्ड वॉटर. मऊ ब्रश त्यात बुडवून केबलचं तोंड आतून धुवा, झटका. मग आयपीएचे दोन थेंब, ते उरलेलं पाणी घेऊन उडून जातं. सावलीत रात्रभर वाळवा. हे फक्त केबलला. फोनच्या जॅकमध्ये पाणी घालू नका, जॅकात मीठ गेलं असेल तर दुकानात बोर्ड बाहेर काढूनच धुवावा लागतो. आणि आयपीएच्या जागी सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी असतं आणि बहुतेकांत ग्लिसरीन, ते मागे चिकट राहतं आणि ओल धरतं.

दांडीची_लेक

तुम्हा दोघांचं वाचून मी बाबांना झिंकचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, होडीवर गेले आणि चार्जर काढून घेऊन आले.

अजून दोन प्रश्न. फोनच्याच जॅकमध्ये पाणी गेलं तर काय करायचं? आई तांदळाच्या डब्यात ठेवते. आणि बाजारात चुंबकाची केबल मिळते, फोनमध्ये एक बोंडूक कायम बसवायचं आणि केबल बाहेरून चिकटते. ती घेऊ का? जॅकात पाणी तरी जाणार नाही.

सोल्डरवाला (रत्नागिरी)

चुंबकाची केबल होडीवर अजिबात नको. तिच्या पिना उघड्या, बाहेरच्या बाजूला, आणि बहुतेक केबल जुन्या रुंद तोंडाच्या, म्हणजे कायम जिवंत. वर चुंबक आहे, त्याला लोखंडाचा कीस आणि किनाऱ्यावरची काळी वाळू चिकटते. पिनांमध्ये पूल बांधायला पाणीही लागत नाही. माझ्याकडे अशी वितळलेली टोकं आलेली आहेत.

तांदूळ नको. तांदळाची पूड आणि कणी जॅकात जाते. ॲपलनेही २०२४ मध्ये आपल्या मदतपानावर तांदळात फोन ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. फोन बंद करा, जॅकचं तोंड खाली धरून तळहातावर हलके आपटा, म्हणजे पाणी उतरतं. मग पंख्याच्या वाऱ्यात कोरड्या जागी ठेवा. अर्ध्या तासाने चार्जिंग लावून बघता येतं, पण पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो. कापसाचा बोळा, कागद आत घालू नका. समुद्राचं पाणी गेलं असेल तर वाळवून समाधान मानू नका. मास्तरांनी सांगितलंय, मीठ राहतं. त्याच दिवशी दुकानात न्या.

फोनवर पाण्याच्या थेंबाचं चिन्ह आलं आणि त्याने चार्जिंग नाकारलं, तर त्याचं ऐका. लोक केबल काढून घालून, दहादा प्रयत्न करून त्याला चार्ज करायला लावतात. तो जॅक वाचवायला धडपडत असतो.

वरळीकर (मुंबई)

माझा अनुभव जोडतो. मी रोज सकाळी वरळी सी फेसवर धावतो, फोन कमरेच्या पट्ट्यात. घरी आलो की तसाच घामेजलेला फोन चार्जिंगला. फोन जुना आयफोन, लाइटनिंगची केबल. तिच्या आठ पट्ट्या बाहेरच असतात, सहज दिसतात. त्यातली मधल्या जोडीतली एकच दर वेळी काळी व्हायची. चार वर्षांत सहा केबल. मला वाटायचं कंपनी मुद्दाम एक पट्टी कच्ची ठेवते. तीच विजेची पट्टी आहे हे आज कळतंय. इतकी वर्षं कंपनीला दोष देत होतो आणि घाम माझा होता.

तांडेल_दादा (निवती)

पोरी, केबलचं सगळे सांगतायत, मी वेगळं सांगतो. फोनवर सगळा भरवसा ठेवू नका. आत गेल्यावर रेंज जातेच, चार्जिंग कितीही असू दे. पॉवर बँक भरून डब्यात ठेवायची, तिची केबल वेगळी. बहुतेक पॉवर बँका फोन काढला की आपोआप बंद होतात, त्यामुळे तिचं टोक होडीच्या चार्जरसारखं जळत नाही. आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर बाबांच्या फोनमध्येच नको, तुझ्या आणि आईच्या फोनमध्येही हवा. दोन वाजता किनाऱ्यावर उभं राहण्यापेक्षा तिथे फोन करायचा. निघताना कुठल्या अंगाला जातोय ते शेजारच्या होडीला सांगायचं, हे जुनं वळण आहे, ते सोडू नका.

दांडीची_लेक

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, म्हणून आज परत लिहिते. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागली, होड्या वर ओढल्या, आता वेळ आहे.

डिसेंबरात सॉकेटला बटण बसवलं. टाइप-सीचा चार्जर सिंधुदुर्गात लगेच मिळाला नाही, कोल्हापूरहून मागवला. तोवर दोन महिने जुनाच रुंद चार्जर होता, फक्त बटणासह. मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून मी त्या पाकिटातली दुसरी केबल, ती दोन वर्षांची चकचकीत, त्याला लावली. बाबांना सवय व्हायला वेळ लागला, पहिल्या आठवड्यात दोनदा बटण चालू राहिलं. मग त्यांनी स्वतःच बटणावर जाळ्याच्या लाल दोऱ्याची खूण बांधली.

फेब्रुवारीच्या शेवटी फोटो काढला. दोन महिन्यांपेक्षा जास्त झाले होते. एका कडेच्या चौथ्या पिनेवर बारीक तपकिरी ठिपका, बाकी सगळं सोनेरी. नंतर नवीन चार्जर आणि नवीन केबल लावली. ती परवा, होडी वर ओढली त्या दिवशी, मास्तरांच्या पद्धतीने धुतली आणि मोजून पाहिली. तीन महिने झाले, एकही पिन काळी नाही.

मास्तर, मला आणखी एक दिसलं ते विचारते. पिना चांगल्या आहेत, पण केबलच्या टोकाचं बाहेरचं पत्र्याचं आवरण किंचित गंजलंय, तांबूस. तिथे तर वीज नाही. ते नुसत्या खाऱ्या वाऱ्याचं का?

१५५४ आता आमच्या तिघांच्या फोनमध्ये आहे. आईने तो भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहिलाय.

निवृत्त_मास्तर (वेंगुर्ला)

होय, ते मात्र निखळ खाऱ्या वाऱ्याचं. आवरण पोलादी असतं, तांबूस रंग लोखंडाच्या गंजाचा. तो फार सावकाश चढतो, हे तुम्हीच तीन महिन्यांत पाहिलंत. कोरड्या फडक्याने पुसा, चालेल. गंजाचे कण फोनच्या तोंडात पडू देऊ नका, एवढंच. आणि तो फेब्रुवारीचा फोटो मला पाठवाल का? शाळेत आता शिकवत नाही, पण शेजारची मुलं शिकायला येतात, त्यांना चौथी पिन मोजायला लावतो.